साक्षीदाराचें ऐकणें : वळिवड्याच्या पोलिश छावणीचा एक अभ्यास

युरोप व अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत गेल्या कित्येक वर्षांपासून एक प्रघात चालत आला आहे. दुसऱ्या महायुद्धांत नाझींच्या संहारांतून जीं ज्यू माणसें जिवंत सुटलीं, त्यांपैकीं कोणी वृद्ध गृहस्थ अथवा आजीबाई शाळेंत येतात, मुलांसमोर खुर्चीवर बसतात, आणि आपल्यावर व आपल्या आईबापांवर, भावंडांवर काय गुदरलें तें सांगतात. त्याला व्याख्यान म्हणतां येत नाहीं. त्यांत अलंकार नसतात, आणि बहुधा उपदेशही नसतो. मुलें प्रश्न विचारतात, पाहुणे उत्तरें देतात, आणि एखाद्या प्रश्नाला उत्तर न देतां नुसते बसूनही राहतात.

आमच्या इतिहास-मंडळानें यंदा हा विषय अभ्यासास घेतला, तेव्हां पहिली अडचण उभी राहिली ती ही, कीं तापी-गिरणेच्या मुलखांत असा साक्षीदार आणावा कोठून? शिवाय काळही आतां फार लोटला आहे. १९४३ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें, तें आज नव्वदी ओलांडून गेलें आहे. तेव्हां आम्हीं दोन मार्ग धरले. अमेरिकेंत १९९४ मध्यें स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशन नांवाच्या संस्थेनें पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या साक्षी चलचित्रांच्या रूपानें जतन करून ठेवल्या आहेत, त्यांतील कांहीं आम्हीं शिक्षकांच्या मदतीनें ऐकल्या. ‘शोआ’ हा हिब्रू भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ महाविनाश असा आहे. दुसरा मार्ग आम्हांस आपल्याच महाराष्ट्रांत सांपडला. कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून गांव आहे, तेथें १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हें आमच्यापैकीं एकालाही ठाऊक नव्हतें. शाळेंतील थोरांस विचारलें, तर त्यांतही थोड्यांनाच ठाऊक होतें. या लेखाचा बराचसा भाग त्या वसाहतीविषयीं आहे.

प्रथम मूळ घटना थोडक्यांत सांगितली पाहिजे. जर्मनींत १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनीं ज्यूंचें नागरिकत्व काढून घेतलें. नोव्हेंबर १९३८ मध्यें त्यांचीं प्रार्थनामंदिरें व दुकानें जाळण्यांत आलीं आणि त्याच महिन्यांत ज्यू मुलांस सरकारी शाळांतून काढून टाकलें. पुढें युद्ध सुरू झालें आणि सुमारें साठ लक्ष ज्यू माणसें ठार मारण्यांत आलीं. त्यांतील जवळजवळ निम्मीं पोलंडचीं होतीं. ऑश्विट्झची छावणी २७ जानेवारी १९४५ रोजीं रशियन सैन्यानें मुक्त केली. तो दिवस आतां जगभर स्मरणदिन म्हणून पाळला जातो. साठ लक्ष हा आंकडा वाचून मनावर कांहीं होत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. वर्गांत तो फळ्यावर लिहिला तेव्हां कोणाच्याही चेहऱ्यावर फरक पडला नाहीं. एका आजीबाईंनीं आपल्या धाकट्या भावाच्या पायांतील बुटांची नाडी कशी सुटली होती तें सांगितलें, तेव्हां मात्र सर्व वर्ग स्तब्ध झाला.

आतां या गोष्टीचा आपल्या मुलखाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदींच दूरचा नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायल समाज शतकानुशतकें मराठी बोलत आला आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. त्यांनीं मराठींत कीर्तनें केलीं, मराठींत मासिकें चालविलीं. जर्मनींतील ज्यू डॉक्टरांना दवाखान्यांतून हांकलून दिलें जात होतें त्याच काळांत, १९३७ मध्यें, मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्रायल होते. मुंबईंतील ज्या रस्त्यास त्यांचें नांव आहे त्यावरून आमच्यापैकीं कांहीं जण गेलेही आहेत, पण नांवामागचा मनुष्य आम्हांस आतां कळला.

आणखी एक उदाहरण तर घरोघरचें आहे. आकाशवाणीचें केंद्र सकाळीं सुरू होतांना जी धून वाजते, तिच्या रचनेचें श्रेय सामान्यतः वॉल्टर काउफमन यांस दिलें जातें. हे बोहेमियांतील ज्यू संगीतज्ञ. हिटलरचें राज्य आल्यानंतर १९३४ सालीं ते मुंबईस आले, पुढें मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत येथें राहिले. जळगांव केंद्र ऐकत शेतावर जाणाऱ्या आमच्या आजोबांनीं ती धून हजारों वेळां ऐकली असेल. ती एका आश्रिताची देणगी आहे, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें.

सर्वांनाच मात्र असा आसरा मिळाला नाहीं. जुलै १९३८ मध्यें फ्रान्समधील एव्हियां येथें बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. निर्वासितांविषयीं सहानुभूति पुष्कळांनीं दाखविली, पण दार उघडण्यास बहुतेक कोणी तयार झालें नाहीं. पुढील वर्षीं नऊशेंहून अधिक ज्यू उतारूंस घेऊन ‘सेंट लुइस’ हें जहाज अटलांटिक ओलांडून गेलें. क्यूबानें बहुतेकांना उतरूं दिलें नाहीं, अमेरिकेनेंही दिलें नाहीं, आणि जहाज युरोपास परत आलें. त्या उतारूंपैकीं अडीचशेंहून अधिक माणसें पुढें संहारांत बळी पडलीं. हिंदुस्थानांतही ब्रिटिश सरकारनें प्रवेशावर नाना अटी घातल्या होत्या. जे येऊन पोंचले त्यांच्यापैकीं ज्यांच्याजवळ जर्मन परवाना होता, त्यांना सप्टेंबर १९३९ मध्यें शत्रुराष्ट्राचे नागरिक समजून पकडण्यांत आलें व अहमदनगर येथील छावणींत (आतांचें अहिल्यानगर) नाझी पक्षाच्या जर्मनांसमवेत ठेवण्यांत आलें. चौकशी होऊन त्यांतले पुष्कळ पुढें सुटले. तरी ज्याच्या भीतीनें घर सोडलें त्याच्याच शेजारीं तुरुंगांत बसण्याचा प्रसंग त्यांवर आला, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.

खानदेशांत या प्रश्नाची वार्ता पोंचलीच नव्हती असें नाहीं. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं आपल्या भाषणांत युरोपांतील फॅसिझमचा व स्पेनमधील युद्धाचा विषय काढला होता. पुढें ज्यू निर्वासितांतील तज्ज्ञ माणसांना हिंदुस्थानांत येऊं द्यावें, असें मतही त्यांनीं मांडलें. केळीच्या बागांच्या त्या प्रदेशांतील श्रोत्यांना हे दूरदेशींचे शब्द कितपत उमगले असतील, याविषयीं आमच्या मंडळांत बराच वाद झाला. एकानें म्हटलें, कांहीं उमगले नसतील. दुसऱ्याचें म्हणणें असें, कीं सावकार व पोलीस यांचा जुलूम ज्यानें पाहिला त्याला जुलमाचें परकी नांव कळावयास वेळ लागत नाहीं. हा वाद मिटला नाहीं, आणि आम्ही तो येथेंही मिटवीत नाहीं.

याहून मोठा वाद महात्मा गांधींच्या एका लेखावरून झाला. २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’ पत्रांत त्यांनीं जर्मनींतील ज्यूंविषयीं आपली कळकळ व्यक्त केली आणि त्यांनीं सत्याग्रह करावा असा सल्ला दिला. त्यावर जेरुसलेम येथें राहणारे ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनीं १९३९ च्या आरंभीं एक सविस्तर पत्र लिहिलें. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, कीं सत्याग्रहाला पाहणारा कोणी तरी लागतो. सोसणाऱ्याचें सोसणें ज्या राज्यांत कोणाच्या दृष्टीसच पडूं देत नाहींत, तेथें त्या साक्षीचा उपयोग कसा व्हावा? आमच्या दृष्टीनें या पत्रानें एक अतिशय महत्त्वाची गोष्ट शिकविली. साक्षीदार एकटा पुरत नाहीं, ऐकणाराही हवा. गांधींजींचें म्हणणें चुकलें कीं नाहीं याचा निकाल देण्याइतके आम्ही मोठे नाहीं. परंतु धुळ्याच्या तुरुंगांतील, मिठाच्या सत्याग्रहांतील ज्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों, त्या आम्हांपर्यंत पोंचल्या कारण त्या वेळीं पाहणारे व लिहिणारे होते, एवढें आतां स्पष्ट दिसतें.

आतां वळिवड्याकडे वळूं. येथें आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे, कारण आमच्यापैकीं कित्येकांनीं हे दोन विषय प्रथम एकच समजले होते. वळिवड्यास आलेले पोलिश लोक नाझींच्या छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. त्यांतील बहुसंख्य रोमन कॅथॉलिक होते आणि त्यांना देशोधडीस लावलें तें सोव्हिएट रशियानें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं पश्चिमेकडून जर्मनी पोलंडवर तुटून पडला, आणि १७ सप्टेंबर रोजीं पूर्वेकडून रशिया. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यांत गेलें. १० फेब्रुवारी १९४० च्या कडक थंडींत, रात्रीं दारावर थापा पडल्या. थोड्या वेळांत हाताला लागेल तें बांधून घेण्याचा हुकूम झाला आणि सबंध कुटुंबें मालगाड्यांत कोंडून सैबेरिया, अर्खांगेल्स्कचीं अरण्यें व कझाकस्तान यांकडे रवाना झालीं. अशा मोठ्या लाटा जून १९४१ पर्यंत चार झाल्या. हद्दपार झालेल्यांच्या संख्येविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. रशियन दप्तरांवरून ती तीन लाखांच्या वर निघते, तर जुने पोलिश अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत.

अरण्यांत लांकूडतोडीचें काम होतें. भाकर कामाच्या मापानें मिळे. ज्यास काम करवत नसे त्याची भाकर घटे, आणि भाकर घटली कीं काम आणखीच होईना. या चक्रांत म्हातारीं व तान्हीं मुलें आधीं गेलीं. पुढें २२ जून १९४१ रोजीं हिटलरनें रशियावरच स्वारी केली, तेव्हां रशियाला मित्र हवे झाले. ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमध्यें पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की व रशियन वकील मैस्की यांच्यांत करार होऊन या कैद्यांची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर छावणीचें दार उघडलें, एवढेंच. हजारों मैलांवरच्या दक्षिणेकडे, जेथें जनरल अँडर्स यांची नवी पोलिश फौज जमत होती तेथें, जो तो आपल्या बळावर निघाला. उझबेकिस्तानांत तापानें व उपासमारीनें अनेक आया मेल्या. मुलें अनाथाश्रमांत आलीं. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्यें व पुन्हा ऑगस्टमध्यें जहाजांतून कास्पियन समुद्र ओलांडून सुमारें एक लाख पंधरा हजार माणसें इराणच्या पहलवी बंदरीं उतरलीं. त्यांत सैनिक होते, तसेंच सदतीस हजारांच्या आसपास इतर स्त्री-पुरुष व मुलें होतीं.

पहलवी बंदराच्या आठवणी साक्षींतून पुन्हा पुन्हा येतात. उवा व विषमज्वर यांच्या भीतीनें सर्वांचे केस कापले, कपडे जाळले. मोठ्या मुलींना केस गेल्याचें दुःख आईच्या मरणाइतकें वाटलें, असें वाचून आम्हीं प्रथम आश्चर्य केलें. नंतर विचार करतां वाटलें, कीं आईसाठीं रडावयास तेव्हां त्यांच्याजवळ बळ उरलें नसेल, आणि केसांच्या निमित्तानें दोन्ही रडणीं एकत्र झालीं असतील. उपाशी पोटीं एकाएकीं मिळालेल्या तुपकट अन्नानें कित्येक माणसें तेथेंच दगावलीं. सुटकेच्या किनाऱ्यावर पोंचून मरणें, हा प्रकार गोष्टींच्या पुस्तकांत येत नाहीं.

याच लोंढ्यांत कांहीं पोलिश ज्यू मुलेंही होतीं. ‘तेहरानचीं मुलें’ म्हणून त्यांस ओळखतात. इराकनें आपल्या भूमीवरून जाऊं दिलें नाहीं, म्हणून जानेवारी १९४३ मध्यें तीं जहाजानें कराचीस आलीं आणि तेथून अरबस्तानास वळसा घालून सुएझमार्गें फेब्रुवारींत पॅलेस्टाइनला पोंचलीं. म्हणजे संहारांतून वांचलेल्या कांहीं मुलांच्या पायांस हिंदुस्थानची धूळ लागली आहे. ज्यांचे नातलग पोलंडांत मागें राहिले, त्यांतले बहुतेक मारले गेले. सैबेरियाची हद्दपारी हा जुलूम होता, पण त्या जुलमानेंच कित्येक ज्यूंना गॅसच्या कोठड्यांपासून दूर नेलें, ही इतिहासाची मोठी विचित्र गति आहे.

इराणांत इतक्या लोकांची कायमची सोय होणें शक्य नव्हतें. तेव्हां पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड असे देश पुढें आले. सर्वांत आधीं पुढें आलेल्यांत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी होते. आज जामनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थानांत समुद्रकांठीं बालाचडी येथें १९४२ पासून १९४६ पर्यंत शेंकडों पोलिश मुलें राहिलीं. मुलें जामसाहेबांस ‘बापू’ म्हणत. वॉर्सा शहरांतील एका चौकास ‘चांगल्या महाराजांचा चौक’ असें नांव देण्यांत आलें आहे, तें त्यांच्याच स्मरणार्थ.

वळिवड्याची वसाहत याहून मोठी. कोल्हापूर संस्थानच्या हद्दींत, पंचगंगेपासून जवळ, कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या लगत ती उभारण्यांत आली. जून १९४३ मध्यें पहिले लोक आले. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारानें उचलला होता. मुंबईंतील पोलिश वकिलाच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनीं या कामीं अतोनात श्रम घेतले. पुढें त्या हिंदुस्थानांतच राहिल्या आणि २००२ मध्यें हैदराबाद येथें त्यांचा अंत झाला. गांधीजींनीं ज्यांस ‘उमादेवी’ हें नांव दिलें त्या वांदा डिनोव्स्का या पोलिश विदुषीही या मुलांत येऊन त्यांना भारतीय संस्कृतीची ओळख करून देत असत.

लांबच लांब बराकींच्या ओळी, शाळा, प्रार्थनामंदिर, इस्पितळ, नाटकगृह, बालवीर व वीरबालांचीं पथकें, असा तो एक लहानसा पोलंडच होता. क्षयाची शंका असलेल्या मुलांस पांचगणीच्या हवेंत पाठवीत. मुलांचे वडील मात्र बहुतेक घरांत नव्हते. कांहीं रशियांतच नाहींसे झाले होते. कांहीं अँडर्सच्या फौजेंत इटलींत लढत होते. १८ मे १९४४ रोजीं मॉन्टे कॅसिनोच्या टेकडीवर पोलिश निशाण लागलें, तेव्हां वळिवड्यांत किती आनंद व किती भीति झाली असेल! जय झाल्याची वार्ता आधीं येते, मेलेल्यांच्या याद्या मागाहून येतात. इटलीच्या त्याच मोहिमेंत मराठा पलटणीही लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे व शिपाई नामदेव जाधव यांना मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस त्याच मोहिमेंतले. म्हणजे कोंकणांतलें व देशावरचें एखादें घर आणि वळिवड्यांतली एखादी खोली, दोन्ही इटलीहून येणाऱ्या पोस्टाची एकाच काळजीनें वाट पाहत होतीं.

येथें आमच्या मंडळांतील एका मुलीनें एक प्रश्न विचारला, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या सरकारच्या राज्यांत या मुलांना निवारा मिळाला, त्याच सरकारच्या पोलिसांनीं ९ सप्टेंबर १९४२ रोजीं आपल्या नंदुरबारांत, म्हणजे तेव्हांच्या पश्चिम खानदेशांत, हातांत निशाण घेतलेल्या शिरीषकुमार मेहता या विद्यार्थ्यास व त्याच्या सोबत्यांस गोळ्या घातल्या. पहलवी बंदरावर पोलिश मुलांचा दुसरा लोंढा उतरून तेव्हां थोडेच दिवस झाले होते. आणि वळिवडें वसलें त्याच १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत अंदाजें वीस ते तीस लाख माणसें मेलीं. मग पोलिश मुलांना मिळालेली भाकर ही कोणाची दया म्हणावी? आम्हीं यावर पुष्कळ बोलून पाहिलें. बंगालच्या मुलांच्या तोंडची भाकर पोलिश मुलांनीं काढून घेतली, असें कोणी म्हटलें तर तें खोटें आहे. त्या दुष्काळाचीं कारणें युद्धाच्या व राज्यकारभाराच्या धोरणांत होतीं. पण राज्यकर्त्यांची दया कोणत्या मुलाकडे वळते व कोणत्याकडे वळत नाहीं, हें पाहणें हाही इतिहासाचा अभ्यासच आहे. वळिवड्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांनीं दूध विकलें, भाजी विकली, खुणांनीं बोलत ओळखी केल्या. एका पोलिश मुलीनें तर कोल्हापूरच्या तरुणाशीं विवाह करून तेथेंच जन्म काढला. या शेजारधर्माचा हुकूम कोणत्याही कचेरींतून निघाला नव्हता.

युद्ध संपलें, पण घर परत मिळालें नाहीं. पूर्व पोलंड रशियानें आपल्यांत सामील करून घेतलें, आणि उरलेल्या पोलंडांत रशियाच्या ओंजळीनें पाणी पिणारें सरकार आलें. ज्या गांवाची आठवण काढीत पांच वर्षें गेलीं तें गांव आतां नकाशावर दुसऱ्या देशांत होतें. १९४८ च्या आरंभापर्यंत वसाहत उठली. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कानडा या देशांत गेले. जे गेले नाहींत त्यांचीं थडगीं कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत आहेत. तेथील महावीर उद्यानांत या वसाहतीचा स्मारकस्तंभ आहे, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें त्या वेळचीं कांहीं मुलें, आतां ऐंशी-नव्वदीचीं होऊन, पुन्हा वळिवड्यास आलीं होतीं.

साक्ष ऐकतांना आम्हांस ज्या अडचणी आल्या त्यांविषयींही थोडें लिहिलें पाहिजे, कारण पुढील वर्षाच्या मुलांस तें उपयोगी पडेल. लहानपणीं पाहिलेल्या गोष्टींत तारखा चुकतात, अंतरें वाढतात, दोन गाड्यांची एक गाडी होते. एका साक्षींतील वर्ष पुस्तकांतील वर्षाशीं जुळेना, तेव्हां आमच्यांतील एकजण सगळी साक्षच खोटी ठरवूं लागला. शिक्षकांनीं त्यास विचारलें, तुझ्या आजोबांचें निधन कोणत्या तारखेस झालें? तो सांगूं शकला नाहीं. त्या दिवशीं ओसरीवर कोण कोठें बसलें होतें तें मात्र त्यास सर्व आठवत होतें. तारीख दप्तरांतून घ्यावी आणि ओसरी साक्षीदाराकडून घ्यावी, ही रीत तेव्हांपासून आम्हीं ठरविली. दप्तरांत अमुक गाडींत अमुक माणसें एवढेंच असतें. गाडीच्या फटींतून बर्फ खरवडून आईनें बाळाच्या ओठांस लावला, हें कोणताही कारकून लिहून ठेवीत नाहीं. उलट साक्षीदाराला स्वतःची गाडी दिसते, तिच्या मागें-पुढें किती गाड्या होत्या हें त्याला ठाऊक नसतें.

दुसरी अडचण मौनाची. मुलाखत घेणारा प्रश्न विचारतो आणि वृद्ध मनुष्य खालीं पाहत राहतो. आरंभीं आम्हांस वाटे, यंत्र बंद पडलें. मग कळलें कीं हेंही ऐकावयाचें असतें. तिसरी अडचण आमचीच. तिसऱ्या-चौथ्या साक्षीनंतर आम्ही अधिक भयंकर प्रसंगाची वाट पाहूं लागलों, जणूं हा सिनेमाच आहे. मंडळाच्या बैठकींत हें एका मुलीनेंच बोलून दाखविलें. त्यानंतर एका दिवशीं एकच साक्ष ऐकावयाची, असा नियम केला.

वळिवड्याची कथा १९४८ त संपत नाहीं, आणि जिचा खानदेशाशीं प्रत्यक्ष धागा लागतो ती पुढेंच आहे. पोलिश लोक गेले त्याच सुमारास फाळणीनें सिंध सोडावी लागलेलीं कुटुंबें आलीं व त्यांच्यापैकीं पुष्कळांची सोय त्याच छावणींत झाली. तीच वस्ती आज गांधीनगर या नांवानें प्रसिद्ध आहे. कापडाचा घाऊक बाजार म्हणून साऱ्या दक्षिण महाराष्ट्रांत तिचा लौकिक आहे. ज्या बराकींत एका हरवलेल्या देशाचीं गाणीं झालीं, त्यांतच दुसऱ्या हरवलेल्या प्रांताच्या चुली पेटल्या. दोन्ही लोक कराची पाहून आलेले, एक त्या बंदरांत आसरा शोधीत आले, दुसऱ्यांचें तेंच घर होतें. जळगांवांत सिंधी कॉलनी आहे, बाजारांत सिंधी व्यापाऱ्यांचीं दुकानें आहेत, आमच्या वर्गांत त्या घरांतील मुलें आहेत. इतकीं वर्षें एका बांकावर बसून त्यांच्या घरीं काय घडलें तें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें, आणि त्यांनाही तें फारसें ठाऊक नव्हतें.

त्यांतील एका मुलाच्या आजी १९४८ च्या आरंभीं कराचीहून बोटीनें मुंबईस आल्या, तेव्हां त्या आठ वर्षांच्या होत्या. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही पांच जण त्यांच्याकडे गेलों. शिक्षकांनीं आधींच बजावलें होतें, कीं मोठे प्रश्न विचारूं नका, काय खाल्लें, कोठें निजलांत, बरोबर काय घेतलें, असें विचारा. आजींनीं पाण्याविषयीं सांगितलें. बोटीवर त्यांच्या आईनें एक पितळी तांब्या पदराखालीं धरला होता आणि भावंडांस घोट-घोट मोजून ती पाणी देई. तांब्या पुढें विकला. वळिवड्यास त्यांचे एक काका राहिले. तेथें आपल्या आधीं गोरे लोक राहत होते, असें काकांकडून त्यांनीं ऐकलें होतें, पण ते साहेब असतील अशी त्यांची समजूत होती. ते साहेब नव्हते, तेही घरदार गेलेलेच होते, आणि त्यांत तुमच्या वयाचीं मुलें पुष्कळ होतीं, असें आम्हीं सांगितलें. त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, त्या मुलांना घर पुढें मिळालें काय? आम्हांस जें ठाऊक होतें तें आम्हीं सांगूं लागलों. तेवढ्यांत त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमच्या मित्राचे वडील, दुकानांतून आले. तांब्याची गोष्ट त्यांनींही कधीं ऐकली नव्हती. ते चपला काढून आमच्या शेजारीं सतरंजीवर बसले आणि आईला म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सांग.